वातानुकूलन आणि इंजिनाची आयडल गती : निदानाची पद्धत

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेला चंदगड तालुका हा भरपूर पावसाचा मुलूख म्हणून ओळखला जातो. एका बाजूस बेळगाव, दुसऱ्या बाजूस सिंधुदुर्ग जिल्हा आणि त्यापलीकडे गोवा, असे त्याचे स्थान आहे. ताम्रपर्णी आणि घटप्रभा या नद्यांच्या खोऱ्यांतून जाणारे रस्ते एकीकडे तिलारी घाटाने दोडामार्गाकडे उतरतात, तर बेळगाव-वेंगुर्ला मार्ग आंबोलीच्या दिशेने जातो. जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून अधिक दूर असल्यामुळे अवघड दुखण्याच्या रुग्णाला गडहिंग्लज, बेळगाव किंवा कोल्हापूर गाठावे लागते. अशा तालुक्यात वाहन ही चैनीची वस्तू राहत नाही. रुग्णवाहिका, पंचायत समितीची जीप, शिक्षकांची मोटार आणि प्रवासी वाहतुकीची वाहने यांवर तालुक्याचा व्यवहार चालतो.

या वाहनांतील वातानुकूलन यंत्राकडे आजही अनेकजण उन्हाळ्यातील सोय म्हणून पाहतात. घाटमाथ्यावर मात्र त्याचे खरे काम पावसाळ्यात असते. बाहेर संततधार, आत पाच-सहा माणसांचा श्वास आणि ओले कपडे, अशा स्थितीत समोरच्या काचेवर पाहता पाहता वाफ धरते आणि रस्ता दिसेनासा होतो. ती वाफ घालविण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे वातानुकूलन सुरू करणे. परंतु कित्येक वाहनांत बटण दाबताच इंजिन दबते, थरथरते आणि कधी कधी बंदही पडते. मग चालक बटण बंद करतो आणि एका हाताने फडक्याने काच पुसत गाडी चालवतो. इंजिन बंद पडण्याचा धोका टाळण्यासाठी रस्ता न दिसण्याचा धोका पत्करला जातो. वास्तविक हे दोन्ही धोके टाळता येण्याजोगे आहेत. त्यासाठी बिघाडाचे निदान पद्धतशीरपणे व्हावयास हवे. प्रस्तुत पाठाचा विषय हाच आहे.

आयडल गती म्हणजे काय

वाहन उभे असताना, ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या गतीने फिरत राहते तिला आयडल गती म्हणतात. गॅरेजमध्ये तिलाच ‘स्लो’ असे म्हटले जाते. इंजिन तापल्यानंतर बहुतेक मोटारींत ही गती मिनिटाला सुमारे ७०० ते ९०० फेऱ्यांच्या दरम्यान असते. नेमका आकडा त्या त्या वाहनाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. या गतीला इंजिन जेमतेम स्वतःचे घर्षण भागवण्यापुरती शक्ती निर्माण करीत असते. हाताशी शिल्लक अशी फार थोडी असते. त्यामुळे यावेळी पडणारा लहानसा भारही इंजिनाला जाणवतो.

कोल्हापूर भागातील गुऱ्हाळ ज्याने पाहिले आहे त्याला ही गोष्ट सहज उमगेल. चरकात उसाची मोळी सरकवली की डिझेल इंजिनाचा आवाज क्षणभर खाली बसतो आणि लगेच पूर्वपदावर येतो. इंजिनावरील गव्हर्नर नावाची योजना कमी झालेली गती ओळखते व इंधन वाढवते. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनासाठी गोळ्यांचा गव्हर्नर वापरात आणला. गती घटली की पुरवठा वाढवावा आणि गती वाढली की तो कमी करावा, हेच त्याचे तत्त्व होते. आजच्या मोटारीतील संगणकही तेच काम करतो. गोळ्यांची जागा सेन्सरने आणि दांड्याची जागा विजेच्या मोटारीने घेतली आहे, इतकाच फरक.

वातानुकूलनाचा भार कसा पडतो

वातानुकूलन यंत्रणेतील कॉम्प्रेसर हा इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. बटण दाबले की बहुसंख्य वाहनांत कॉम्प्रेसरच्या पुलीवरील विद्युतचुंबकीय क्लच ‘टक्’ असा आवाज करून जोडला जातो आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. छोट्या मोटारीत हा भार साधारणपणे दोन ते चार अश्वशक्तींचा असतो. भारतात १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० या मोटारीचे इंजिन ७९६ घन सेंटिमीटरचे होते आणि पूर्ण गतीलाही त्याची शक्ती चाळीस अश्वशक्तींच्या आत होती. एवढ्या लहान इंजिनाला आयडल गतीवर कॉम्प्रेसरचे ओझे किती जड वाटत असेल याची कल्पना यावरून येईल.

कॉम्प्रेसरखेरीज आणखी एक भार असतो. हवा ढकलणारा ब्लोअर आणि कंडेन्सरसमोरील पंखा विजेवर चालतात. ही वीज अल्टरनेटर तयार करतो आणि अल्टरनेटरही इंजिनाच्या पट्ट्यावरच फिरतो. पावसाळ्याच्या रात्री दिवे, वायपर, ब्लोअर आणि पंखा एकाच वेळी चालू असतात. अशा वेळी विजेचा भारही नगण्य राहत नाही.

हा भार पेलण्यासाठी उत्पादकांनी व्यवस्था केलेली असते. कार्बोरेटर असलेल्या जुन्या मोटारींत निर्वातावर चालणारे एक छोटे उपकरण वातानुकूलन सुरू होताच थ्रॉटल किंचित उघडीत असे. इंधन फवारणीच्या पेट्रोल इंजिनांत प्रथम स्वतंत्र आयडल झडप आली आणि पुढे विजेवर चालणाऱ्या थ्रॉटलनेच ते काम स्वीकारले. यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनांत पंपाचा दांडा ओढणारी योजना असे, तर आजच्या डिझेल इंजिनांत संगणक इंधनाची मात्रा वाढवतो. या सर्व योजनांना गॅरेजच्या भाषेत ‘आयडल-अप’ असे म्हणतात.

कोणता बदल स्वाभाविक, कोणता सदोष

निदानाची पहिली पायरी म्हणजे निरोगी इंजिनाचे वर्तन माहीत असणे. वातानुकूलन सुरू केल्यावर आयडल गतीत बदल होणे हा बिघाड नव्हे. क्लच जोडला जाताना काटा क्षणभर खाली येतो आणि एक-दोन सेकंदांत सावरतो. पुष्कळ वाहनांत तो नंतर मूळ गतीपेक्षा शंभर-दोनशे फेऱ्यांनी वर स्थिरावतो. हे वर स्थिरावणे हेतुपुरस्सर असते. ‘एसी लावला की गाडी रेस होते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या काही वाहनांत म्हणूनच दुरुस्त करण्यासारखे काही नसते.

आतील कूलिंग कॉइलवर बर्फ जमू नये यासाठी तिचे तापमान गोठणबिंदूच्या जवळ पोचताच कॉम्प्रेसर थांबतो व थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. त्यामुळे काही वाहनांत ठराविक अंतराने येणारा हलका झटका हाही स्वाभाविक आहे. अनेक मोटारींत समोरच्या काचेकडे हवा सोडण्याची खूण निवडली की बटण न दाबताही कॉम्प्रेसर सुरू होतो, कारण काचेसाठी कोरडी हवा लागते. ‘एसी बंद असूनही काचेची हवा लावली की इंजिन बदलते’ या तक्रारीचे उत्तर बहुधा येथेच मिळते.

याउलट पुढील चार लक्षणे बिघाडाची होत. पहिले, काटा खाली जाऊन तेथेच राहणे किंवा इंजिन बंद पडणे. दुसरे, काटा सतत खालीवर डोलत राहणे. तिसरे, वातानुकूलन बंद केल्यावरही गती वरच अडकणे. चौथे, काटा स्थिर असूनही वाहन जोराने थरथरणे. या चारही लक्षणांची कारणे भिन्न आहेत. त्यांना एकच औषध देणे म्हणजे ताप, खोकला आणि पोटदुखी या सर्वांवर एकच गोळी देण्यासारखे होय.

परीक्षेची पद्धत

या परीक्षेला महागडी साधने लागत नाहीत. फेऱ्या दाखवणारा काटा, घड्याळ, कागद आणि दोन माणसे एवढ्यावर ती होते. काटा नसलेल्या वाहनास डॅशबोर्डखालच्या जोडणीला लावायचे साधे स्कॅनर उपयोगी पडते. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांच्या मोटारींत ही जोडणी असतेच. त्यापूर्वीच्या अनेक मोटारींतही ती आढळते.

वाहन सपाट व मोकळ्या जागी उभे करावे, हातब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि इंजिन पुरेसे तापू द्यावे. थंड इंजिन मुळातच जास्त गतीने फिरते, त्यामुळे त्यावर घेतलेली मोजणी फसवी ठरते. यानंतर एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर तीन आकडे लिहावेत : काटा किती खाली गेला, किती सेकंदांत सावरला आणि शेवटी कोठे स्थिरावला.

१. सर्व काही बंद ठेवून मूळ गती नोंदवावी.
२. वातानुकूलनाचे बटण न दाबता केवळ ब्लोअर पूर्ण वेगाने, हवा काचेऐवजी समोर सोडून, चालू करावा.
३. ब्लोअर पहिल्या वेगावर आणून वातानुकूलन सुरू करावे. क्लचचा ‘टक्’ आवाज येतो का ते दुसऱ्या माणसाने बॉनेटजवळ उभे राहून ऐकावे.
४. वातानुकूलन बंद करून पुढचे दिवे, वायपर आणि मागील काच तापवण्याची सोय असल्यास तीही सुरू करावी.
५. हे सर्व बंद करून स्टिअरिंग एका टोकाला वळवावे. इंजिनावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगमध्ये तो एक वेगळा भार असतो.
६. वातानुकूलन पुन्हा सुरू करून दहा मिनिटे चालू ठेवावे व गतीत काही फरक पडतो का ते पाहावे.
७. शेवटी सर्व बंद करून गती मूळ आकड्यावर येते का याची खात्री करावी.

या सात नोंदींचे मोल फार मोठे आहे. ‘एसी लावला की गाडी बंद पडते’ हे वाक्य तक्रार सांगते, परंतु नोंदींचा कागद बिघाड कोणत्या भागात आहे ते सांगतो.

नोंदींचा अर्थ

निदानाचा मुख्य प्रश्न एवढाच असतो की इंजिन दुबळे आहे की भार अवाजवी आहे, की भार येत असल्याची सूचना इंजिनापर्यंत पोचत नाही. या तीन शक्यता वेगळ्या करणे म्हणजेच निम्मे निदान होय.

समजा, एका मोटारीची मूळ गती ८०० आहे. वातानुकूलन लावल्यावर ती ५५० पर्यंत पडते आणि ६५० वर रखडते. दिवे आणि वायपर लावल्यावरही ती ७०० वर येते, स्टिअरिंग वळवल्यावरही दबते. येथे प्रत्येक भाराखाली इंजिन वाकत आहे. म्हणजे दोष इंजिनाच्या बाजूला आहे आणि कॉम्प्रेसरला हात लावण्याचे कारण नाही. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल बॉडीवर साचलेली काजळी, चोंदलेला एअर फिल्टर, झिजलेले स्पार्क प्लग, आयडल झडपेतील घाण किंवा फाटलेल्या नळीतून आत शिरणारी जादा हवा यांचा शोध घ्यावा. डिझेल इंजिनात इंधन फिल्टर, डिझेलमधील पाणी, इंधनमार्गात शिरलेली हवा, झिजलेले इंजेक्टर आणि अडकलेली ईजीआर झडप पाहावी.

समजा, दुसऱ्या मोटारीत दिवे, वायपर आणि स्टिअरिंग यांचा काही परिणाम होत नाही, परंतु वातानुकूलन लावताच गती कोसळते. येथे दोन शक्यता उरतात. एक तर आयडल-अपची योजना काम करीत नाही, नाही तर कॉम्प्रेसरचा भार प्रमाणाबाहेर आहे. त्या वेगळ्या करण्याची एक साधी युक्ती आहे. इंजिन बंद करून, किल्ली काढून, कॉम्प्रेसरच्या क्लचची विजेची जोडणी सोडवावी. मग इंजिन सुरू करून बटण दाबावे. आता कॉम्प्रेसर फिरणार नाही, परंतु बटणाची सूचना संगणकाकडे जाईल. मूळ स्थितीत भाराबरोबर गती वाढवणाऱ्या वाहनात यावेळी गती वर गेली, तर सूचना पोचते आणि योजना चालते, असे समजावे. दोष भाराकडे आहे. गती जागची हलली नाही, तर बटण, दाबाचा स्विच, तारा किंवा आयडल झडप यांकडे पाहावे. काही नव्या वाहनांतील कॉम्प्रेसरला असा क्लच नसतो. तेथे ही परीक्षा लागू पडत नाही आणि स्कॅनरचाच आधार घ्यावा लागतो.

भार वाढण्याची कारणे शोधताना सहाव्या नोंदीकडे पाहावे. सुरुवातीस ठीक असलेली गती दहा मिनिटांनी घसरू लागली, तर कंडेन्सरची उष्णता बाहेर पडत नाही असा संशय घ्यावा. घाटमाथ्यावरील तांबडा चिखल आणि शेतरस्त्यांवरचे काडीकचऱ्याचे कण कंडेन्सरच्या पापुद्र्यांत बसतात. पंखा मंदावलेला असेल किंवा यंत्रणेत गॅस प्रमाणाबाहेर भरलेला असेल तरीही दाब चढतो आणि कॉम्प्रेसर जड होतो. हलक्या फवाऱ्याने कंडेन्सर धुणे हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय असून तो सर्वांत आधी करावयास हवा.

समजा, तिसऱ्या मोटारीत काटा दर काही सेकंदांनी वरखाली होतो आणि प्रत्येक वेळी ‘टक्’ असा आवाज येतो. याचा अर्थ कॉम्प्रेसर वारंवार जोडला आणि सोडला जात आहे. गॅस कमी झाला की दाबाचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो, दाब सावरताच तो पुन्हा सुरू होतो आणि हे चक्र चालू राहते. येथे इंजिन निर्दोष आहे, गळती शोधावयास हवी. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरत राहणे हा पैशाचा आणि पर्यावरणाचाही अपव्यय होय. जुन्या मोटारींतील आर-१२ हा वायू ओझोनच्या थराला घातक ठरल्यामुळे १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो जगभर हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नसला तरी वातावरण तापवणारा आहे. म्हणून दुरुस्तीच्या वेळी तो हवेत न सोडता यंत्राने काढून घेणाऱ्या गॅरेजची निवड करावी. याच तक्रारीत ‘टक्’ आवाज येत नसेल आणि तरीही काटा डोलत असेल, तर हवेच्या गळतीकडे किंवा थ्रॉटल बॉडीकडे वळावे.

दुसऱ्या नोंदीत, म्हणजे केवळ ब्लोअर लावल्यावर, गती पडत असेल तर विजेची बाजू तपासावी. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारणपणे १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळावयास हवेत. बऱ्याच नव्या वाहनांत संगणक गरजेनुसार हा आकडा बदलतो, तरी सर्व भार चालू असताना तो १३ च्या खाली राहिल्यास अल्टरनेटर, पट्टा आणि बॅटरीची टोके पाहावीत. पावसाळी हवेत या टोकांवर हिरवट-पांढरा थर चढतो व तो विजेला अडवतो.

काटा स्थिर असताना वाहन थरथरत असेल, तर इंजिनाखालील रबरी माउंटिंग थकले आहे असे समजावे. भार येताच इंजिन आपल्या जागी थोडे फिरते आणि कडक झालेले रबर तो हादरा शोषून घेत नाही. येथे आयडल गती वाढवून घेणे म्हणजे दुखणे झाकणे होय. त्याचप्रमाणे बटण दाबताच किंचाळणारा आवाज येत असेल तर तो सैल किंवा झिजलेल्या पट्ट्याचा असतो.

शेवटची नोंद दुर्लक्षू नये. सर्व बंद केल्यावरही गती वर अडकून राहिली, तर आयडल झडप चिकटली आहे, कोठून तरी जादा हवा शिरत आहे किंवा इंजिनाचे तापमान सांगणारा सेन्सर चुकीची माहिती देत आहे. थ्रॉटल बॉडी साफ केल्यानंतर किंवा बॅटरी सोडवल्यानंतरही काही काळ गती विचित्र राहते. संगणकाला थ्रॉटलची जागा पुन्हा शिकावी लागते. त्यासाठी उत्पादकाने सांगितलेली पद्धत पाळली की बहुधा दोष जातो. नवा भाग घालण्याची घाई करू नये.

घाटमाथ्यावरील विशेष कारणे

चंदगड, आजरा, आंबोली या पट्ट्यातील हवामानामुळे काही दोष येथे अधिक संभवतात. ओलाव्यामुळे तारांच्या जोडांत हिरवा गंज चढतो. पावसात उबेच्या शोधात बॉनेटखाली शिरणारे उंदीर तारा व रबरी नळ्या कुरतडतात. कूलिंग कॉइलचे पाणी बाहेर नेणारी बारीक नळी चिखलाने बुजली की पाणी पायाशी साचते, आतील ओलावा वाढतो आणि काचेवर अधिकच वाफ धरते. म्हणून मृगापूर्वी एकदा बॉनेट उघडून हे तीन भाग पाहिले, तर भर पावसातील पुष्कळसा मनस्ताप वाचतो.

काचेवर वाफ का धरते हेही चालकास ठाऊक असावे. हवेचे तापमान २४ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ९५ टक्के असेल, तर सुमारे २३ अंशांच्या पृष्ठभागावर दव जमू लागते. पावसाने गार झालेली काच याहून थंड असली की आतील बाफ तिच्यावर बसते. वातानुकूलन आतील हवेला कूलिंग कॉइलवर गार करून तिच्यातील पाणी काढून घेते. तीच कोरडी हवा हीटरच्या साहाय्याने किंचित उबदार करून काचेवर सोडली की काच झटपट स्वच्छ होते. यासाठी तापमानाची कळ उबेकडे, हवा काचेकडे आणि बाहेरची हवा घेण्याची खिडकी उघडी ठेवावी. आतलीच हवा फिरवत ठेवल्यास प्रवाशांच्या श्वासातील बाष्प आतच राहते. काच बाहेरून धुकत असेल तर मात्र ती आतून अती गार झाली आहे असे समजावे. अशा वेळी वायपर फिरवून हवा थोडी उबदार करावी.

न्यूट्रलमध्ये घाट उतरण्याचा धोका

आयडल गतीचा प्रश्न घाटात प्राणांशी निगडित होतो. डिझेल-पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय काही चालकांत आढळते. अशा वेळी चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटलेला असतो व इंजिन केवळ आयडल गतीवर फिरत असते. त्यातच वातानुकूलनाचा भार येऊन दुबळे इंजिन बंद पडले, तर ब्रेकला साहाय्य करणारा निर्वात तयार होणे थांबते. साठलेल्या निर्वातावर एक-दोनदा ब्रेक नीट लागतो. त्यानंतर पायपट्टी दगडासारखी कठीण होते. पॉवर स्टिअरिंगही जड होते. तिलारीसारख्या तीव्र वळणांच्या घाटात याचा अर्थ काय होतो हे सांगण्याची गरज नाही.

वाहन गिअरमध्ये ठेवून उतरल्यास चाकेच इंजिनाला फिरवत राहतात. त्यामुळे ते बंद पडण्याची शक्यता फार कमी होते आणि ब्रेकवरील ताणही हलका होतो. शिवाय इंधन फवारणीच्या आधुनिक इंजिनांत, ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरताना संगणक इंधन जवळजवळ पूर्णपणे तोडतो, तर न्यूट्रलमध्ये आयडल गतीसाठी इंधन जळतच राहते. म्हणजे ज्या बचतीसाठी धोका पत्करला जातो ती बचतही प्रत्यक्षात होत नाही.

रुग्णवाहिकेत हा प्रश्न आणखी गंभीर आहे. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा सुरू झाली. रुग्ण चढवताना, नाक्यावर किंवा रुग्णालयाच्या दारात रुग्णवाहिका आयडल गतीवर उभी असते आणि आत वातानुकूलन, दिवे व वैद्यकीय उपकरणे चालू असतात. सर्व भार एकाच वेळी येण्याचा प्रसंग तिच्या बाबतीत रोजचाच असतो. म्हणून वर दिलेल्या सात नोंदी रुग्णवाहिकेसाठी नियमित देखभालीचा भाग होण्याजोग्या आहेत.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. बंद गॅरेजमध्ये किंवा शेडमध्ये इंजिन आयडलवर ठेवून वातानुकूलन लावून बसणे अथवा झोपणे जिवावर बेतू शकते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो व वासही नसतो. मागील नळी चिखलात वा पाण्यात बुडालेली असेल तर उघड्यावरही हा वायू आत शिरण्याचा संभव असतो. वरील सर्व परीक्षाही मोकळ्या हवेतच कराव्यात. इंजिन चालू असताना सैल कपडे व हात पट्ट्यापासून दूर ठेवावेत.

कार्यालये आणि शाळा यांची भूमिका

सार्वजनिक वाहनांच्या दुरुस्तीवर होणारा खर्च हा जनतेचा पैसा आहे. निदान न करता प्रथम कॉम्प्रेसर बदलणे, तो बदलूनही दोष तसाच राहिल्यावर मग थ्रॉटल बॉडी साफ करणे, हा उलटा क्रम टाळावयास हवा. योग्य क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो : प्रथम फिल्टर, बॅटरीची टोके, पट्टा आणि कंडेन्सरची धुलाई, मग थ्रॉटल बॉडी व प्लग, त्यानंतर सेन्सर व झडपा, आणि सर्वांत शेवटी कॉम्प्रेसर. वाहनाच्या लॉगबुकात दर तीन महिन्यांनी सात नोंदींचा एक तक्ता लिहून ठेवला, तर दोष हळूहळू वाढत असल्याचे आकड्यांवरूनच लक्षात येते. गॅरेजला दुरुस्ती सोपवताना हा तक्ता सोबत द्यावा आणि दुरुस्तीनंतर त्याच सात नोंदी पुन्हा घेऊन मगच देयक मंजूर करावे. दुरुस्ती झाली की नाही, याचा हा सरळ पुरावा होय.

माध्यमिक शाळांतील शिक्षकांनाही हा विषय उपयोगी पडेल. दवबिंदू, बाष्पीभवन, घर्षण, शक्ती, विद्युतभार या पुस्तकातील संकल्पना येथे एका यंत्रात एकत्र पाहावयास मिळतात. थंड पाण्याच्या तांब्यावर जमणारे थेंब आणि कूलिंग कॉइलवर जमणारे थेंब एकच आहेत, हे मुलांना दाखवता येते. शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदलावी व परिणाम लिहून ठेवावा, ही विज्ञानाची मूळ शिस्त या परीक्षेतून सहज शिकवता येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांना तर हा प्रत्यक्ष व्यवसायाचाच धडा आहे.

काळाबरोबर हा प्रश्न रूप बदलणार आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींच्या चालक-कक्षात वातानुकूलन अनिवार्य झाले असल्याने या यंत्रणेशी परिचय असणाऱ्या कारागिरांची गरज ग्रामीण भागातही वाढेल. विजेवर चालणाऱ्या मोटारींत आयडल गती हा प्रकारच नसतो. तेथे वातानुकूलनाचा भार बॅटरीवर पडतो आणि एका चार्जिंगमध्ये कापले जाणारे अंतर घटते. परंतु आज रस्त्यांवर धावणारी इंजिनाची वाहने पुढील अनेक वर्षे सेवेत राहणार आहेत.

तोवर घाटमाथ्यावरील प्रत्येक चालकाने व वाहन सांभाळणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वातानुकूलनाने गती किंचित बदलणे स्वाभाविक आहे, परंतु ती न सावरणे हा दोष आहे. त्या दोषाचे स्थान अंदाजाने ठरवू नये, नोंदींनी ठरवावे. आणि दोष दूर होईपर्यंत ते वाहन पावसात, रुग्ण किंवा प्रवासी घेऊन, घाटात नेऊ नये.